एकोणीस दिवसांची काठी

गळाची काठी दुकानात जाऊन घ्या. हातात धरा, हलवून बघा, दोरी ओवायच्या रिंगांवरून बोट फिरवा, पैसे द्या आणि एसटीत बसून घरी या. एवढं ऐकलंत तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. मी हे केलं नाही, म्हणून ऐन मे महिन्यातले एकोणीस दिवस एका कुरियरच्या नादात घालवले. तो राग अजून उतरलेला नाही.

मी दूधगंगेकाठचा. निपाणी भागात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. लहानपणी कळकाची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि गांडूळ एवढ्यावर चिलापी मिळायची, नशीब असलं तर वांब. गेल्या उन्हाळ्यात पुण्याचा भाचा आला आणि त्यानं मोबाइलवर बास माशाचे व्हिडिओ दाखवले. रबरी बेडूक पाणवनस्पतीवर टाकायचा, टुणटुण ओढायचा, आणि खालून मासा फाडकन उसळतो. बास उत्तर अमेरिकेचा मासा, आमच्या नदीत तो कुठला असायला. पण बघताना मला आमची मरळच आठवली. तीही तशीच केंदाळाखाली, म्हणजे जलपर्णीखाली, दबा धरून बसते आणि बेडकावर तुटून पडते. म्हणजे बासचं सामान मरळीला चालणार, असा हिशोब मी केला. हिशोब बरोबरच होता.

आधी दोरी घेतली, आणि पहिली चुकीची घेतली. व्हिडिओतला गडी आठ पाउंडाची साधी नायलॉन दोरी वापरत होता, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास ताण सोसणारी. त्याचं तळं आरशासारखं स्वच्छ. माझं पाणी हिरवं, वर केंदाळाची गादी, खाली उसाचा पाला नि बुडालेली बाभळीची फांदी. भाच्याच्या जुन्या काठीवर ती दोरी भरून गेलो. पहिल्याच दिवशी दोन बेडूक केंदाळाला अर्पण.

मग चार संध्याकाळी दोरीवरच घालवल्या. आम्ही वायंडिंगवाले तांब्याची तार गेजवर ओळखतो, आणि आमच्याकडे आकडा वाढला की तार बारीक होते. दोरीचं उलट आहे, पाउंड वाढले की ती जाड होत जाते. त्यामुळे दुकानदाराशी बोलताना माझा दोनदा घोटाळा झाला. थोडक्यात सांगायचं तर नायलॉन ताणली की लांबते. मासा झटका मारतो तेव्हा ते बरं, पण पन्नास फुटांवर केंदाळात बसलेल्या मरळीच्या जबड्यात गळ रुतवायचा असेल तेव्हा आपला सगळा जोर त्या लांबण्यातच जिरतो. ब्रेडेड दोरी पॉलिथिलीनच्या बारीक धाग्यांची विणलेली असते. ती जवळजवळ ताणतच नाही, आणि तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी बारीक असते. म्हणून रिळावर जास्त मावते आणि केंदाळाचे देठ कापत येते. तिसरी फ्लोरोकार्बन. ती पाण्यात बुडते आणि कमी दिसते, कारण पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ आणि तिचा साधारण १.४२, म्हणजे नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळचा. हे वाचून मी भारावलो आणि तिचंही एक रीळ घेऊन बसलो. मे महिन्यातल्या दूधगंगेच्या गढूळ हिरव्या पाण्यात माशाला काय दिसणार होतं, हा विचार पैसे दिल्यावर आला. वर तरंगणाऱ्या बेडकाला ती तशीही नको, नाक धरून खाली ओढते. शेवटी तीस पाउंडाची ब्रेडेड ठरली, म्हणजे साडेतेरा किलो.

दोरी ठरली की काठी आपोआप ठरते. काठीवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, पॉवर आणि ॲक्शन, आणि लोक त्या एकच समजतात. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते. फास्ट असेल तर फक्त शेंड्याकडे, स्लो असेल तर पार मुठीजवळून. केंदाळातली मरळ खेचायला मिडियम हेवी आणि फास्ट, लांबी सात फूट. जाहिरातीत फक्त 'कार्बन, अतिशय मजबूत' एवढंच लिहिलं असेल तर पुढे सरका. पुण्याच्या एका दुकानदाराकडे अशी काठी मिळाली, दोन तुकड्यांची, २,४०० रुपये. फोनवर बोललो, पैसे पाठवले. पाच दिवसांत घरपोच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी काठी कोल्हापुरात आली. मोबाइलवर तसं दिसत होतं. कोल्हापूर म्हणजे मोटारसायकलनं तासाभराचा रस्ता. मी रिळावर दोरी भरून तयार. पण माझा पिनकोड कर्नाटकातला, आणि कर्नाटकाचा माल म्हणे आधी हुबळीला जातो. तेव्हा ती काठी रात्री ट्रकमधून पुणे-बेंगळूर हायवेनं निघाली, माझ्या दुकानापासून तीन किलोमीटरवरून गेली, दीडशे किलोमीटरहून जास्त लांब हुबळीला पोचली, तिथं दोन दिवस झोपली, मग बेळगाव, मग आमच्या जवळच्या शाखेत. आठव्या दिवशी मेसेज आला: डिलिव्हरीचा प्रयत्न केला, घर बंद.

घर बंद! आई त्या दिवशी सकाळपासून उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिला वाचून दाखवलं तर ती माझ्यावरच उखडली. "माझं घर बंद? आन मी काय कुलपात बसलोतो व्हय?" चाळीस वर्षांत त्या घराला दिवसा कुलूप लागलेलं नाही. कुरियरचा पोरगा गावात आलाच नव्हता, हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून शाखेत गेलो. "सर्वर डाउन ऐती री, नाळे बर्री." सर्वर बंद आहे, उद्या या. गेलो परत दुसऱ्या दिवशी. तेच. तिसऱ्या खेपेला सर्वर चालू होता आणि काउंटरमागे, कूलरच्या शेजारी, भिंतीला टेकवलेली पावणेचार फुटांची नळी मला दिसली. वर माझं नाव. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "इल्लि ऐती, आदर कोडाक बरंगिल्ल." इथं आहे, पण देता येत नाही. कारण कॉम्प्युटरमध्ये ती 'परत पाठवायची' अशी पडली होती. तीन प्रयत्न झाले म्हणे. एक 'घर बंद', एक 'पत्ता अपुरा' आणि एक 'ग्राहकानं नाकारलं'. हे शेवटचं मी काउंटरवर उभा असतानाचं.

पत्त्याची गोष्ट आणखी मजेशीर. आमच्या गावाच्या नावाची तीन स्पेलिंगं आहेत. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कन्नड उच्चाराचं, माझ्या शाळेच्या दाखल्यावर मराठी, आणि पिनकोड टाकला की आपोआप उमटतं ते तिसरंच. नळीवर तिसरं होतं, आधारवर पहिलं. "पत्ता जुळत नाही." मी म्हटलं, फोटो जुळतोय ना, नाव जुळतंय ना, फोन नंबर जुळतोय ना. नंबर जुळतो म्हणाला, त्यावर ओटीपी येईल, तो सांगा. ओटीपी आला नाही. अर्धा तास थांबलो. माझं सिम कोल्हापूरच्या दिवसांपासूनचं महाराष्ट्राचं; पण ते इथं रोज बँकेचे, गॅसचे, लग्नाच्या आहेराचे सगळे ओटीपी घेतं. फक्त या एका नळीचा घेत नव्हतं.

कस्टमर केअरला फोन केला. हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, कन्नडसाठी तीन. आम्हांला कुठलंच बटण नाही. एक दाबलं. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, आपका पार्सल आज शाम तक डिलीवर हो जाएगा." मी म्हटलं, बाई, मी त्या पार्सलसमोर उभा आहे, हात लांब केला तर लागेल. त्या म्हणाल्या, "जी सर, आज शाम तक." संध्याकाळी माझ्या काठीचा ट्रक बेळगावकडे निघाला. चौदावा दिवस.

एवढ्या दिवसांत वळवाचे दोन पाऊस पडून गेले. नदीवरचे सोबती रोज फोन करून सांगत होते, अमक्या डोहावर मरळ उसळली, तमक्यानं दोन काढल्या. माझ्या हातात तीस पाउंडाची दोरी भरलेलं रीळ आणि काठीचा पत्ता नाही. एक दिवस चक्क झाडूच्या दांड्याला रीळ बांधून अंगणात फेकायचा सराव केला. शेजाऱ्यांनी बघितलं.

सुटका दुकानदारानं केली, आणि तीही सीमेमुळेच. तो म्हणाला, मी माझ्या बाजूनं पत्ता बदलू शकतो, तुमचं महाराष्ट्रात कोणी आहे का. आमचं कोण नाही महाराष्ट्रात! अर्धी भावकी कागलला. मावसभावाच्या किराणा दुकानाचा पत्ता दिला. काठी बेळगावहून कोल्हापूरला निघाली, वाटेत माझ्या दुकानाजवळून दुसऱ्यांदा गेली, आणि दोन दिवसांनी कागलात भावाच्या हातात पडली. ना ओटीपी, ना आधार. "पोरगं आलं, दिऊन गेलं," एवढंच तो म्हणाला. एकोणिसाव्या दिवशी मी ती मोटारसायकलला बांधून कोगनोळी टोल नाक्यावरून कर्नाटकात आणली. तेव्हा बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींनो, कागल, गडहिंग्लज, चंदगड, जिथं पाहुणा असेल तिथला पत्ता द्या. लांब नळीला तर नक्कीच.

आनंदाच्या भरात नळी उघडतानाचा व्हिडिओ काढला नाही. ही दुसरी चूक, तुम्ही काढा.

कारण दुसऱ्या दिवशी पहाटे डोहावर गेलो, चौथ्या फेकीला केंदाळ फाटलं, बेडूक गायब, काठी वाकली आणि दोरी तटकन तुटली. साडेतेरा किलोची दोरी! मी गाठीला दोष दिला. पालोमर गाठ मारली होती, ओली करून आवळली होती (कोरडी आवळली की घर्षणानं दोरी भाजते, हे लक्षात ठेवा). परत बांधली. तासाभरात दुसरा बेडूक गेला. तुटलेलं टोक बघितलं तर विंचरल्यासारखं पिंजारलेलं. वायंडिंग करताना इनॅमल खरवडलेली तार हाताला लगेच कळते, तसं इथं बोटाला कळलं. घरी येऊन कापसाचा बोळा एकेका रिंगेतून ओढला. शेंड्याच्या रिंगेत कापूस अडकला. आतल्या सिरॅमिकच्या कडीला केसाएवढी चीर होती. कूलरच्या शेजारी भिंतीला टेकवलेली नळी मला परत आठवली.

ही रिंग बदलणं अगदी सोपं आहे, घाबरू नका. लायटरनं रिंगेची धातूची नळी हलकी तापवायची (काठी नव्हे, कार्बन खराब होतो), पक्कडीनं सरळ ओढायची, ग्लू स्टिक वितळवून शेंड्याला लावायची आणि नवी रिंग बाकीच्या रिंगांच्या ओळीत बसवायची. कोल्हापुरात साठ रुपयांत मिळाली. त्याच दुकानात माझ्या काठीसारखीच काठी टांगलेली होती. किंमत मी विचारली नाही.

त्याच आठवड्यात सव्वा किलोची मरळ निघाली. आईनं लाल तिखटात रस्सा केला.

आता आठवेल तसं सांगतो. ब्रेडेड दोरी रिळावर थेट भरू नका. गुळगुळीत असते, अख्खी गुंडाळी आसावर फिरत राहते आणि मासा ओढत जातो. आधी आठ-दहा वेढे नायलॉनचे द्या. माझी ती वाया गेलेली आठ पाउंडाची दोरी याच कामी आली. रीळ काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर कमी. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक, स्प्रिंगच्या काट्यानं ओढून लावा, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला दोरी सुटली पाहिजे. आणि हे माझ्या धंद्यामुळे मला जास्त खुपतं: कार्बनच्या काठीतून वीज जाते. आमच्या नदीकाठी पावलोपावली पंपांच्या तारा लोंबकळतात. सात फुटी काठी खांद्यावर उभी धरून चालू नका, आणि वळवाची गडगड सुरू झाली की आवरा. गावतळ्यावर जाताना मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते पंचायतीत विचारून घ्या. पावसाच्या सुरुवातीला मरळीच्या लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर तिथं बेडूक टाकू नका. खाली राखणीला त्यांचा बाप असतो, आणि तो चिडून गळ घेतोच.

ब्रेडेडचा रंग वर्षभरात उडतो आणि पुढचा भाग मऊ पडतो. तेव्हा नवी घेण्याआधी सगळी दोरी काढून उलटी भरायची, आतला कोरा भाग बाहेर येतो. माझी भरायची राहिलीय. पावसाळ्यात मोटारी जळायच्या थांबल्या की दुकानात बसून करीन.