राज्यपालांच्या टेबलावर अडकलेलं बिल

काल रात्री घटनेचं कलम २०० परत वाचत बसलो होतो (हो, असतात एकेकाचे छंद). विधानसभेनं बिल पास केलं की ते राज्यपालांकडे जातं, मग ते सही करतात, किंवा रोखतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात, आणि मनी बिल (कर, सरकारी खर्च अशा पैशांच्याच बाबींचं बिल) नसेल तर फेरविचारासाठी "शक्य तितक्या लवकर" परत पाठवू शकतात. सगळा घोळ या तीन शब्दांत आहे! परत आलेलं बिल सभागृहानं पुन्हा पास केलं तर सही रोखता येत नाही, पण परतच नाही पाठवलं तर? एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी तमिळनाडूच्या केसमध्ये मुदत घालून दिली, तिथली अडकलेली १० बिलं मंजूर झाली असंच धरलं, मला तेव्हा भारी वाटलेलं. नोव्हेंबरमध्ये पाच जणांचं घटनापीठ म्हणालं, अशी मुदत कोर्टाला ठरवता येत नाही, विनाकारण फारच लांबवलं तर निर्णय घ्या एवढंच सांगता येईल. कायद्यानं असेलही बरोबर, पण निवडून आलेल्यांचं काम न निवडलेल्या माणसानं नुसतं बसून अडवायचं, हे काही पटत नाही बुवा.