तुम्ही विचारलंत म्हणून : सोशल मीडिया दिवसाला किती तास चालेल?

मी समुपदेशनाचं काम करते हे कळलं की हा प्रश्न यायला फार वेळ लागत नाही. विचारणारे बहुधा आईवडील, आणि प्रश्न अर्थातच मुलांबद्दल. थोड्या वेळानं आवाज जरा खाली येतो आणि "आमचंही काही वेगळं नाही म्हणा" अशी पुस्ती जोडली जाते. प्रत्येकाला एक आकडा हवा असतो. एक तास, दोन तास, जे काय असेल ते. आकडा मिळाला की तो घरी जाऊन वापरता येतो : बघ, मॅडमनी सांगितलंय.

मी आकडा देत नाही. काहींचा हिरमोड होतो, काहींना वाटतं मी टाळतेय. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आकडे मिळतात, नाही असं नाही. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत देशाला सल्ला देणारे मुख्य सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी मे २०२३मध्ये एक सूचनापत्रक काढलं. रोज तीन तासांहून जास्त वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो, असं त्यात होतं. हे वाक्य पालकांच्या ग्रुपवर फिरत फिरत 'तीन तासांपर्यंत चालतं' असं होऊन माझ्यापर्यंत येतं. मूळ पत्रकात तसं काही नाही. दोन गोष्टी एकत्र सापडतात, एवढंच त्यातून कळतं. तीन तासांमुळे मूल खचलं, की खचलेलं मूल तीन तास तिथं जाऊन बसलं, हे त्या आकड्याला विचारून उपयोग नाही.

दुसऱ्या टोकाला एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की या संशोधकांचा २०१९चा अभ्यास आहे. साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती त्यांनी तपासली. एकाचं बरं चाललंय आणि दुसऱ्याचं नाही, या फरकातला जेमतेम ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो, असं निघालं. त्याच माहितीत बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच वाईट निघाला. कंपन्यांची बाजू मांडणारे हा बटाटा फार आवडीनं पुढे करतात.

मला दोन्ही गोष्टी मान्य आहेत, कारण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. लाखो मुलांची सरासरी काढली की ज्यांना काही होत नाही, ज्यांना फायदा होतो आणि ज्यांची वाट लागते ते सगळे एकमेकांत मिसळून जातात. शिवाय 'सोशल मीडिया' या एका रकान्यात मैत्रिणीला पाठवलेली व्हॉइस नोटही जाते आणि रात्री दोन वाजता जुन्या मित्राच्या नव्या मैत्रिणीचे फोटो चार वर्षं मागे जाऊन बघणंही जातं. घड्याळाला दोन्हीकडे वीसच मिनिटं दिसतात.

मग आम्ही बघतो तरी काय? नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात २०१२मध्ये फेसबुकच्या वापरासाठी एक लहानशी प्रश्नावली तयार झाली. पुढे तीच सगळ्या सोशल मीडियासाठी बदलून घेतली, आणि आज जगभरच्या संशोधनात ती सर्रास वापरली जाते. प्रश्न सहाच. फोन हातात नसतानाही डोक्यात तेच चालू असतं का? पूर्वीइतक्यानं भागत नाही, जास्त लागतं, असं होतं का? अडचणी विसरायला तिकडे जाता का? कमी करायचं ठरवून ते फसलंय का? मिळालं नाही तर अस्वस्थ, चिडचिडे होता का? आणि कामाचं, अभ्यासाचं त्यानं नुकसान झालंय का? गेल्या वर्षभरात हे किती वेळा झालं, यावर प्रत्येकाला एक ते पाच गुण. 'किती तास' हा प्रश्न या सहांमध्ये नाहीच.

सोशल मीडियाचं व्यसन आजार म्हणून अजून कुठल्याच अधिकृत यादीत नाही, हेही सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या यादीत गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाचा नाही. त्यामुळे संशोधक 'समस्याग्रस्त वापर' असं जपून बोलतात, आणि "माझा मुलगा अॅडिक्ट झालाय" असं म्हणत कुणी आलं की मीही तो शिक्का लगेच उचलून धरत नाही.

याच पद्धतीच्या प्रश्नांवर युरोप, मध्य आशिया आणि कॅनडातल्या ११, १३ आणि १५ वर्षांच्या सुमारे २ लाख ८० हजार मुलांची पाहणी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०२४मध्ये प्रसिद्ध केली. समस्याग्रस्त वापराचं प्रमाण २०१८मध्ये ७ टक्के होतं, ते २०२२मध्ये ११ टक्क्यांवर गेलं. मुलींमध्ये १३, मुलांमध्ये ९. वाढ काळजी करण्यासारखी आहे, त्यात शंका नाही. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही. खूप वापरणारी, पण या प्रश्नांत न अडकलेली जी मुलं होती, त्यांना मित्रांचा आधार जास्त वाटत होता. तास भरपूर, तरी मूल धडधाकट. मी आकडा का देत नाही, ते इथं कळावं.

कुणी माझ्याकडे येतं तेव्हा पहिल्या भेटीत मी काहीच कमी करायला सांगत नाही. एक आठवडा फक्त नोंद करायची. किती वेळ गेला ते फोन स्वतःच मोजतो, ते लिहायचं नाही. अॅप उघडण्याच्या अगदी आधी काय चाललं होतं, एवढी एक ओळ. नाक मुरडत का होईना, बरेच जण ती करतात. त्या ओळी साधारण अशा असतात : 'असाइनमेंट उघडली, काही सुचेना.' 'तिनं मेसेज वाचला, उत्तर नाही.' 'बॉस बोलले.' 'झोप येत नव्हती.' 'घरात सगळे आपापल्या खोलीत.' आणि मधूनमधून, 'काही नाही, सहज हात गेला.'

ही शेवटची ओळ वेगळी काढायची. तिच्यामागे निव्वळ सवय असते आणि सवय घालवायला खरंच किरकोळ उपाय पुरतात. नोटिफिकेशन बंद करा, अॅप पहिल्या स्क्रीनवरून हलवा, दर वेळी लॉगआउट करा म्हणजे पासवर्ड टाकायचा कंटाळा येईल. ज्यांच्या वहीत अशाच ओळी जास्त, त्यांना मी एवढंच सांगून घरी पाठवते.

बाकीच्या ओळींत फोन हा विषयच नसतो. सुचेना, उत्तर आलं नाही, बोलणी खाल्ली, एकटं वाटलं. मनाला काहीतरी टोचतं आणि त्या टोचण्यापासून सर्वांत जवळची पळवाट खिशात असते. ती चालतेही, हे विसरून कसं चालेल? पाच-दहा मिनिटं खरोखर बरं वाटतं. मग वर बघावं तर असाइनमेंट तशीच, उत्तर तरी आलेलं नाही, आणि आता त्यात वेळ घालवल्याची बोच. ती घालवायला पुन्हा तेच. नैराश्यामुळे वापर वाढतो की वापरामुळे नैराश्य, या वादात दोन्ही बाजूंनी अभ्यास आहेत. खुर्चीत समोर बसलेल्या माणसात मला बहुतेक वेळा दोन्ही एकाच वेळी चालू दिसतं.

मधेच बाहेर पडणं सोपं राहू नये, अशी व्यवस्थाही केलेली आहे. पूर्वी वेबपेज संपायचं, 'पुढचं पान' दाबावं लागायचं आणि तेवढ्यात माणसाला पुरे वाटू शकायचं. २००६मध्ये अझा रास्किन या डिझायनरनी न संपणारं स्क्रोल तयार केलं, त्यात ती जागाच राहिली नाही. त्याचा पश्चात्ताप होतो, असं त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. पुढची रील मजेची निघेल की टाकाऊ, हे आधी कळत नाही. बक्षीस कधी मिळेल ते ठरलेलं नसलं की प्राणी कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकातच कबुतरांवर दाखवलं होतं. "तुझ्यात इच्छाशक्तीच नाही" असं कुणी मुलाला माझ्यासमोर म्हणालं की मी मधे बोलते. समोर शेकडो हुशार इंजिनियर पगार घेऊन बसलेत, एकट्या पोरानं किती झुंजायचं?

तुलनेचंही तसंच. माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्याच लोकांकडे बघून, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४मध्ये मांडलं. तेव्हा आपल्यासारखे म्हणजे वर्गातले, ऑफिसातले. त्यांची फजितीही दिसायची. आता त्यांचे फक्त निवडक, फिल्टर लावलेले क्षण दिसतात, तेही रांगेनं. फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं २०२१मध्ये बाहेर आली, त्यात होतं की आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राम बघून आणखी वाईट वाटतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुली म्हणाल्या. बातमीत वाक्याचा पहिला भाग गळतो. माझ्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा. आधीच वाईट वाटत होतं.

मग सरळ डिलीट का करू नये? जरूर करून बघा, पण फार मोठी आशा लावू नका. २०१८मध्ये अमेरिकेत संशोधकांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. दिवसाचा सरासरी तासभर मोकळा झाला आणि लोकांना थोडं बरं वाटलं. थोडंच. वाचलेल्या वेळेतला काही घरच्यांबरोबर गेला आणि काही, एकट्यानं टीव्ही बघण्यात! त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना तीन अॅपांवर रोज प्रत्येकी दहाच मिनिटांची मुभा दिली होती. तीन आठवड्यांनी एकटेपणा आणि नैराश्य कमी झालं. ज्यांचं नैराश्य मुळात जास्त होतं, त्यांना जास्त फरक पडला. म्हणजे ज्यानं नोंदीत 'सहज हात गेला' लिहिलंय, त्याला डिलीट करून फारसं काही मिळणार नाही. ज्याच्या ओळी जड आहेत त्याला मिळेल, पण पळवाट काढून घेताना 'सुचेना'चं काय करायचं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

ऑस्ट्रेलियासारखी १६ वर्षांखाली बंदी हवी का, हेही विचारतात. तो कायदा १० डिसेंबर २०२५ला लागू झाला आणि दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. मला ते बरोबर वाटतं. परिणाम कळायला वेळ लागेल.

घरातली बंदी मात्र वेगळी. फोन हिसकावला की मूल आकांडतांडव करतं आणि आईवडील मला म्हणतात, "बघा, व्यसनच आहे." अर्धं भांडण सुरू असताना, ग्रुपवर चार जण आपल्याबद्दल काहीतरी बोलत असताना कुणी मधेच तोडलं, तर चाळिशीतला माणूसही असाच खवळेल. पहिल्या तासाचा राग मी मोजतच नाही. दोन-तीन दिवसांनी ते मूल काय करतंय, हे विचारते. खेळायला गेलं, कंटाळलं, भावंडांशी भांडलं, तर छान. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलं असेल, तर फोननं काहीतरी झाकलं होतं, ते आता उघडं पडलंय.

एका बाबतीत मी हटून बसते. रात्री फोन झोपायच्या खोलीत नाही. तुटलेली झोप मूड बिघडवते, हे निर्विवाद आहे, आणि मध्यरात्रीच्या स्क्रोलिंगनं काही बरं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. हा नियम घरातल्या सगळ्यांना. "अलार्म लागतो हो" असं म्हणणाऱ्या बाबांसाठी अलार्मचं घड्याळ विकत मिळतं.

आणि मूल किंवा मोठं माणूस दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, खाणं-झोप बिघडली असेल, मित्र तुटले असतील, तर तासांचा हिशेब बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. स्वतःला इजा करण्याची किंवा जगण्यात अर्थ नसल्याची भाषा आली, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका, त्याच दिवशी न्या. त्या दिवशी फोन त्याच्याकडेच राहू दे. आपल्याला जे सांगत नाही, ते कदाचित तो एखाद्या मित्राला त्यावरूनच सांगत असेल.