जहाज रोमला जात नाही

भूमध्य समुद्राच्या क्रूझवर जायचं ठरवत असाल, तर ब्रोशर हातात घेऊन आधी एक काम करा. प्रत्येक शहराच्या नावापुढे बंदराचं खरं नाव लिहून घ्या आणि बंदर ते शहर किती किलोमीटर ते नकाशावर मोजा. आम्ही हे केलं नाही.

आमच्या ब्रोशरवर होतं: बार्सिलोना, पाल्मा, मार्सेलिस, फ्लोरेन्स, रोम, नेपल्स. सात रात्री, सहा शहरं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून निघालो होतो. साताऱ्यातल्याच एका एजंटाकडे बुकिंग केलं. तो म्हणाला, "जहाजातून उतरलात की रोम." प्रत्यक्षात जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला. तिथून रोम 70-80 किलोमीटर. साताऱ्याला सोडतो म्हणून पेठ नाक्यावर उतरवावं, तसं हे झालं. फ्लोरेन्सची गोष्ट याहून वाईट. जहाज थांबतं ला स्पेझियाला आणि तिथून फ्लोरेन्स दीडशे किलोमीटरच्या घरात. म्हणजे आपल्या हिशोबाने कोल्हापूरच्याही पलीकडे. काही जहाजं लिव्होर्नोला लागतात, तिथून जरा जवळ पडतं. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळी निघतं. हातात मिळतात आठ-नऊ तास. त्यातले चार-पाच प्रवासात गेले तर बघणार काय?

आम्ही 2025 च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. युरो तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता आणि दक्षिण युरोपात उष्णतेची लाट होती. तुम्हाला अजिंक्यतारा न थांबता चढता येतो, वापरून मऊ झालेले बूट आहेत आणि लिटरभराची बाटली कायम पाठीवर असते, असं धरूनच पुढचं लिहितोय. गुडघे दुखत असतील तर जून ते ऑगस्ट जाऊच नका. मे किंवा सप्टेंबरअखेर बघा.

बार्सिलोनाला जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी पोचा. विमान लेट झालं म्हणून जहाज थांबत नाही. साग्रादा फामिलियाचं तिकीट वेळेचं असतं, ते साताऱ्यात बसूनच काढा. 1882 मध्ये सुरू झालेलं ते चर्च आम्ही गेलो तेव्हाही पुरं झालेलं नव्हतं. तरी आत गेल्यावर रंगीत काचांतून येणारा उजेड बघून ही अर्धा तास बाकावरून उठली नाही. रांब्ला रस्त्यावर आणि मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात ठेवा. पाल्मा छान होतं, बंदरही गावाजवळ. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

मार्सेलिसला क्रूझचा धक्का गावापासून आठ-दहा किलोमीटर लांब आहे आणि शटल बसला पैसे पडतात. पण आपल्या माणसाने मार्सेलिसला उतरावंच. 8 जुलै 1910 ला सावरकरांनी 'मोरिया' बोटीवरून इथल्याच पाण्यात उडी घेतली. ते पोहून किनाऱ्याला लागले, फ्रेंच शिपायाने त्यांना पकडलं आणि परत इंग्रजांच्या हवाली केलं. ते प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि 1911 मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. शाळेत हे दहा वेळा ऐकलं होतं. पण जहाजाच्या सातव्या मजल्यावरच्या कठड्याला टेकून खाली ते गडद निळं पाणी पाहिलं, तेव्हा अंगावर काटा आला. जुन्या बंदरावर आम्ही तासभर नुसते उभे होतो. नोत्र दाम द ला गार्द या चर्चची टेकडी चढायची राहिली, त्याचं वाईट वाटत नाही.

ला स्पेझियाला फ्लोरेन्सचा नाद सोडा. जहाजावरच्या शेजारच्या खोलीतलं जोडपं सहलीच्या बसने गेलं. जाता-येता पाच तास बसमध्ये, फ्लोरेन्समध्ये तीन तास, त्यातलं बरंचसं गाइडच्या छत्रीमागे. आम्ही स्टेशनवरून चिंक्वे तेर्रेची लोकल पकडली. डोंगराच्या कड्याला चिकटलेली पाच गावं आहेत ती. पहिलं रिओमाज्जोरे दहा मिनिटांच्या आत येतं. कोर्नील्याला स्टेशनवरून गावात जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. सज्जनगडाची सवय असलेल्यांना काहीच वाटणार नाही. इथे जेवढं बघायला मिळालं, तेवढं रोममध्ये दहापट पैसे घालूनही मिळालं नाही.

आता रोम.

बुधवार होता. सकाळी सातला जहाज लागलं. जहाजाची स्वतःची बस रोमला नुसती सोडून परत आणायचे माणशी शंभर डॉलरच्या घरात घेत होती, म्हणून आम्ही आपापलं जायचं ठरवलं. जहाजापासून बंदराच्या फाटकाबाहेर, लार्गो देल्ला पाचे नावाच्या बसथांब्यापर्यंत फुकट बस असते. तिथे उतरल्यावर रेल्वे स्टेशनची पाटी शोधत होतो, तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस आला. "नो ट्रेन टुडे. स्ट्राइक." इटलीत रेल्वेचे संप होतात हे ऐकून होतो, त्यामुळे खरंच वाटलं. रोमला किती, विचारलं तर म्हणाला, "एटी." मी दोन बोटं दाखवली, ही आणि मी. त्याने मान डोलावली. मी हाताने जाण्या-येण्याची खूण केली. त्याने परत मान डोलावली. व्हॅनमध्ये आधीच चार जण बसले होते, त्यात सत्तरीचं एक जोडपं.

रोममध्ये उतरल्यावर कळलं की 80 माणशी आणि एका बाजूचे. दोघांचे 160 युरो. सोळा हजार रुपये! मी वाद घातला, तो इटालियनमध्ये बोलायला लागला. मागची दोन्ही सीट उतरली की तो पुढच्या गिऱ्हाइकाला निघणार होता, त्याला घाई होती आणि आम्हाला भाषा नव्हती. त्या म्हाताऱ्या जोडप्यानेही तेवढेच मोजले. आजींचे हात थरथरत होते. त्यानंतर कळलं की त्याने आम्हाला व्हॅटिकनपाशी नाही, तर नदीच्या अलीकडे जवळपास दोन किलोमीटरवर सोडलं होतं. रस्ता बंद, म्हणे.

रस्ता बंद होता हे मात्र खरं निघालं. बुधवारी सकाळी सेंट पीटर्सच्या चौकात पोपची सार्वजनिक भेट असते आणि ती आटपेपर्यंत बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, जाता येत नाही. हे आम्हाला ना एजंटाने सांगितलं, ना जहाजावर कुणी. त्यात 2025 हे कॅथलिकांचं जुबिली वर्ष, जगभरातून माणसं लोटलेली. तुमचं जहाज बुधवारी चिव्हितावेक्कियाला लागत असेल तर बॅसिलिका दुपारवर ठेवा किंवा यादीतून काढूनच टाका. व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट आधी काढलेलं नसेल तर त्या रांगेकडे बघूही नका. कलोसियमचंही तसंच.

ऊन असं होतं की दगडी फरशीवरून बुटाच्या तळव्याला चटका जाणवत होता. मी चिडलेला होतो आणि पावलं टाकायची इच्छा नव्हती. ही म्हणाली, "अहो, माउलींची पालखी आत्ता नीरेच्या वाटेवर असेल. तिथे लोक या उन्हात रोज वीस-वीस किलोमीटर चालतात. आपण दोन चालू." मग चाललो. रोमची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली: रस्त्याकडेला लोखंडी नळ आहेत, नासोनी म्हणतात त्यांना. शहरभर दोन हजारांच्या वर आहेत आणि चोवीस तास गार, पिण्याचं पाणी वाहत असतं. बाटलीबंद पाण्यावर एक युरोही घालवू नका. पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ पाहिलं, तेव्हा माणशी पाच युरो होते. त्या घुमटाच्या मधोमध मोकळं आभाळ आहे आणि जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या बांधकामात लोखंडी गज नाहीत. वर बघत बघत माझा राग थोडा उतरला. कलोसियम बाहेरून पाहिलं. बॅसिलिकाच्या रांगेत पाऊण तास उभे राहिलो आणि घड्याळ बघून बाहेर पडलो.

परत यायला सान पिएत्रो स्टेशन गाठलं. सेंट पीटर्सपासून चालत पंधरा मिनिटं. तिकीट साधारण पाच युरो. संप वगैरे काही नव्हता, सकाळपासून सगळ्या गाड्या सुरू होत्या. ज्या अंतराला सकाळी 160 मोजले, त्याच अंतराला संध्याकाळी दोघांचे मिळून दहा. हे लिहिताना आजही हात गरम होतो.

जहाजावर परतायची शेवटची वेळ साडेसहा. आमची गाडी चाळीस मिनिटं लेट. डब्यात एसी होता की नव्हता कळत नव्हतं, दारापाशी उभं राहून आलो. चिव्हितावेक्कियाला पाच चाळीसला उतरलो. स्टेशनबाहेर लार्गो देल्ला पाचेला जाणाऱ्या बससाठी दोनशे माणसांची रांग, आणि बस एकच. मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "चला." समुद्राच्या कडेकडेने सरळ रस्ता आहे, वीस-पंचवीस मिनिटांचा. आम्ही सतरा मिनिटांत गेलो. फुकट बस लागलेलीच होती. जहाजाच्या दारात कार्ड टेकवलं तेव्हा सहा एकोणीस झाले होते. अकरा मिनिटं बाकी! ही हसत सुटली, मीही. त्या संध्याकाळी वरच्या डेकवर उभं राहून इटलीचा किनारा मागे जाताना पाहिला, तेव्हा वाटलं की सकाळचे सोळा हजार गेले ते गेले.

म्हणून रोमसाठी माझा ठाम सल्ला असा. लार्गो देल्ला पाचेला उतरलात की कुणाशीही बोलू नका. समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत स्टेशनला जा. रीजनल गाडीचं तिकीट मोबाइलवर काढलंत तर त्यात चेक-इन करा. कागदी काढलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड. येताना तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनवरून बसणार असाल तर चिव्हितावेक्कियाचे फलाट मुख्य दारापासून दहा मिनिटं आत आहेत, तेवढा वेळ धरा. शेवटच्या वेळेच्या निदान अडीच तास आधी रोममधून निघा. आम्ही त्याहून कमी ठेवला होता. आणि तरीही व्हॅन करायचीच झाली, तर कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: एकूण रक्कम, किती माणसं, जाऊन-येऊन की एकाच बाजूची. मान डोलावण्याला काही अर्थ नाही. ज्यांना चालणं होत नाही त्यांनी जहाजाची महागडी बसच घ्यावी. ती लेट झाली तर जहाज थांबतं. आपलं आपण गेलो तर थांबत नाही.

नेपल्सला या सगळ्याच्या उलट. जहाज अगदी गावात लागतं. म्युनिचिपिओ स्टेशनवरून मेट्रोने गारिबाल्दी स्टेशन, तिथून सोरेंतोकडे जाणारी लोकल, आणि पाऊण तासाच्या आत पाँपेईचं फाटक. गर्दी आपल्या मुंबईच्या लोकलसारखी, पिशवी पोटाशी धरा. पाँपेईत दिवसाला 20,000 च माणसं सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ते आधी काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. आत सावली जवळजवळ नाही. आम्ही आदल्या दिवशीचे दमलेले, दोन तासांत बाहेर आलो. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या गावाला खरं तर अर्धा दिवस द्यायला हवा होता. शुक्रवार समुद्रावर गेला, झोपलो.

पैशांचं अजून एक. जहाजावर 'सर्व्हिस चार्ज' म्हणून माणशी रोजचे पैसे आपोआप खात्यावर चढतात. आमच्या दोघांचे सात रात्रींचे अडीचशे डॉलरच्या वर झाले. एजंट म्हणाला होता, "सगळं धरून." बुकिंगच्या कागदावर ते धरलंय की नाही, लेखी मागा. जहाज सुटल्याबरोबर फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला लागतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. शाकाहारी जेवण बुकिंग करतानाच नोंदवा, मग आपलं वरण-भाताजवळचं काहीतरी रोज मिळतं. कंदी पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. आमचा किलोभराचा डबा त्यामुळे मुंबईत भाचीकडे राहिला. तुमच्या मार्गात ट्युनिशिया किंवा तुर्कस्तान असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच घ्या, नाहीतर परत जहाज युरोपात शिरताना पंचाईत.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या एजंटाकडे गेलो. भांडायला नाही गेलो. त्याच्या टेबलावर तेच ब्रोशर होतं, समोर एक तरुण जोडपं बसलेलं. मी खिशातलं पेन काढलं आणि 'रोम'च्या पुढे 75 किमी, 'फ्लोरेन्स'च्या पुढे 150 किमी, 'मार्सेलिस'च्या पुढे 9 किमी असं लिहून ब्रोशर त्या मुलीच्या हातात दिलं.