बोटीतले किटकॅट फ्यूज काढून ब्रेकर बसवले, त्याची गोष्ट

हर्णैला काकांची जुनी लाकडी बोट आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढ्यात बोट वर ओढून सगळी डागडुजी उरकायची असते. यंदा वायरिंग माझ्या गळ्यात पडलं, कारण मी लोटे गावातल्या एका कारखान्यात विजेच्या पॅनेलची कामं करतो.

केबिनमधल्या फळीवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. एक उपसून पाहिला, तर आत फ्यूजची तारच नाही. वायरीतल्या तांब्याच्या तारा पीळ देऊन कोंबलेल्या, टोकं हिरवी पडलेली. असला फ्यूज वितळायच्या आधी वायरच पेटायची.

गावातला वायरमन म्हणाला, "घरातले एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारे ब्रेकर) लाव की! बोटीच्या बॅटरीच्या चोवीस व्होल्टला काय होतंय?" शॉक बसत नाही हे खरं, पण प्रश्न ठिणगीचा आहे. घरातला करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ब्रेकर उघडताना पडलेली ठिणगी विझायला वाव मिळतो. बॅटरीचा करंट (डीसी) शून्यावर येतच नाही, आणि मोठी बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. काही साध्या एमसीबींना कंपनी एका पोलला (वायर तोडणाऱ्या एका कप्प्याला) ४८ किंवा ६० व्होल्ट डीसीपर्यंत चालवायची मुभा देते, पण ती कॅटलॉगात छापलेली हवी. दुकानदाराच्या "चालतंय हो"वर माझा भरवसा नाही.

मुंबईच्या लोहार चाळीत सोलारचे डीसी ब्रेकर ढिगाने मिळतात. त्यातल्या काहींवर अधिक-उण्याची खूण असते, म्हणजे करंट एकाच दिशेने जायला हवा. दिवे, वायरलेस, फिशफाइंडर यांना ते नीट जोडले तर चालतील. पण बॅटरीच्या मेन लाइनीत चार्जिंगचा करंट आत येतो आणि लोडचा बाहेर जातो. तिथे असला ब्रेकर उलट्या दिशेने ठिणगी विझवेलच असं नाही. म्हणून मेनला बिनखुणेचा, दोन्ही दिशांना चालणारा घेतला आणि बॅटरीच्या पेटीलगत मोठा फ्यूजही दिला.

खरी वादावादी अँपिअरवरून झाली. काका म्हणाले, "बत्तिसाचाच लाव रे, भर समुद्रात पडायला नको." मी म्हटलं, "काका, ब्रेकर दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो." फळीवरून जाणारी वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, तीही इंजिनाच्या उष्णतेजवळून. तिला १६चा दिला. डोलकाठीवरच्या दिव्याला बारीक वायर, तिथे ६चा. काका दिवसभर घुश्शात होते.

बिल्जच्या (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसायच्या) पंपाला सर्वांत जास्त वेळ गेला. तो मेन बंद असतानाही चालला पाहिजे, म्हणून त्याची लाइन मेनच्या आधीच काढून तिला वेगळा ब्रेकर दिला. पंपात जाळ्याचा तुकडा अडकला की मोटर जागीच थांबते आणि करंट अनेक पटींनी चढतो. मोठा ब्रेकर तो मुकाट सोसतो नि मोटर जळते. म्हणून पंपाच्या पट्टीवर लिहिलेला आकडाच पाळला. जमिनीवर असतानाच पंख्यात जाळं अडकवून पाहिलं: काही सेकंदांत ब्रेकर पडला.

ते पाहून काकांनी रास्त मुद्दा काढला, "रात्री पडला तर आम्हाला कळायचं कसं?" मग ब्रेकरच्या पुढून, म्हणजे पंपाकडच्या बाजूने, वायर घेऊन सुकाणूजवळ एक बारीक हिरवा दिवा दिला. तो विझला की खाली जाऊन पाहायचं, असं तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) सांगून ठेवलंय.