स्टेन्सिल सावल्या जमल्या, पेटंटच्या वळशासकट

माझ्या रेंडररमध्ये (थ्रीडी दृश्याचं चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) स्टेन्सिल सावल्या एकदाच्या चालू झाल्या. स्टेन्सिल म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागे ठेवलेला एक मोजणीचा आकडा; त्यावरून पिक्सेल सावलीत की उजेडात ते ठरतं. सुरुवात झेड-पासपासून केली. शॅडो व्हॉल्यूमची (वस्तूमागे सावलीने व्यापलेल्या जागेची) समोरची बाजू डेप्थ टेस्ट पास झाली, म्हणजे तिच्यापुढे दुसरं काही आडवं आलं नाही, की स्टेन्सिलमध्ये एक वाढवायचा, मागची झाली की एक कमी करायचा. शेवटी शून्य उरला तर पिक्सेल उजेडात. पण कॅमेरा सावलीत शिरला की समोरची बाजू त्याच्या पाठीमागे राहते, मोजलीच जात नाही आणि हिशेब कोलमडतो. त्यावर उतारा झेड-फेलचा: डेप्थ टेस्टमध्ये नापास झालेल्या बाजू मोजायच्या, त्याही उलट चिन्हाने. व्हॉल्यूमला दोन्हीकडून झाकणं लागतात, एवढंच.

आम्हा ग्राफिक्सवाल्यांत ही झेड-फेलची युक्ती ‘कारमॅक्स रिव्हर्स’ म्हणून चालते. आयडी सॉफ्टवेअर या गेम कंपनीच्या जॉन कारमॅकने ती स्वतंत्रपणे शोधली खरी, पण क्रिएटिव्ह लॅब्जचा पेटंट अर्ज १९९९ मध्येच दाखल झाला होता आणि २००२ मध्ये पेटंट मंजूरही झालं. स्वतःच्या डोक्याने शोधलं, हा बचाव पेटंटपुढे चालत नाही. म्हणून २००४ मध्ये डूम ३ हा गेम येण्याआधी आयडी सॉफ्टवेअरला समझोता करावा लागला: तंत्र वापरा, बदल्यात गेममध्ये क्रिएटिव्हचं ईएएक्स ध्वनितंत्र घ्या. म्हणजे सावल्यांचं बिल आवाजाने भरलं! झेड-पासमध्ये अडकलेला कुणीही आज ना उद्या मोजणी उलटवून बघणारच. अशा गोष्टीवर मक्तेदारी मिळावी हे मला अजूनही पटत नाही.

२०११ मध्ये डूम ३ चा सोर्स खुला करताना वकील पुन्हा बिचकले, तेव्हा कारमॅकने तेवढा भाग नव्याने लिहिला. तो वाचताना मजा आली. डेप्थकडे न बघता आधी सगळ्या बाजू मोजून स्टेन्सिल भरून ठेवायचा (मागच्यांचा अधिक एक, समोरच्यांचा उणे एक) आणि त्यावर साधं झेड-पास चालवायचं. कागदावर मांडून बघा, बेरीज हुबेहूब झेड-फेलचीच येते. निव्वळ द्राविडी प्राणायाम! मी दोन्ही रस्ते लिहून चित्रं ताडून पाहिली, एका पिक्सेलचाही फरक नाही. फक्त वळशाच्या रस्त्यात प्रत्येक व्हॉल्यूम दोनदा काढावा लागतो, त्यामुळे दिवे वाढवले की फिल-रेट (पिक्सेल भरण्याचा वेग) धापा टाकतो. पेटंटची वीस वर्षं २०१९ मध्येच संपली असल्याने कोडच्या मुख्य शाखेत सरळ झेड-फेल ठेवलंय. वळसा एका फ्लॅगमागे, हौस म्हणून.

पुढचा टप्पा भूप्रदेशाचा. त्यासाठी मार्चिंग क्यूब्ज ही पद्धत आहे: जागेचे छोटे घन पाडून प्रत्येकातून पृष्ठभागाचे त्रिकोण काढायचे. जुन्या कोडमध्ये तिच्याऐवजी टेट्राहेड्रा (घनांऐवजी चतुष्फलक) का दिसतात, हे कोडं कुणाला पडलं असेल तर तिथेही पेटंट हेच कारण. लोरेन्सन आणि क्लाइन यांच्या क्यूब्जवर जनरल इलेक्ट्रिकचं पेटंट २००५ पर्यंत होतं. टेट्राहेड्रामध्ये त्रिकोण बरेच जास्त पडतात, तेव्हा मी क्यूब्जच घेणार. नॉइजचं (भूप्रदेशाला चढउतार देणाऱ्या यादृच्छिक आकड्यांचं) अजून ठरत नाही. पर्लिनच्या सिम्प्लेक्सवरचं पेटंट २०२२ मध्ये संपलं, पण त्याला बगल द्यायला निघालेलं ओपनसिम्प्लेक्स इतकं छान दिसतं की परत फिरावंसं वाटत नाही. दोन्हींची चित्रं शेजारीशेजारी पुढच्या नोंदीत टाकतो.