व्हॅनचा हीटर, भाग ३ : पाणी अडलंय कुठे?

जर्मनीत उभी गाडी विनाकारण चालू ठेवायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे थंडीत व्हॅनमध्ये झोपायचं तर डिझेलवर पाणी तापवणारा वेगळा हीटर लागतोच. आमचा ५ किलोवॅटचा आहे. इंजिन बंद असताना तो कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, न गोठणारं पाणी) तापवतो आणि त्याचा छोटा १२ व्होल्टचा पंप ते केबिनच्या रेडिएटरमधून फिरवतो.

गेल्या शनिवारी पहाटे बाहेर उणे ७ होतं. हीटर पेटला, चार मिनिटांत पूर्ण ज्योतीवरून अर्ध्यावर आला आणि विझला. थोड्या वेळाने परत तेच. बाहेर जाणाऱ्या पाइपला हात लावला तर चटका बसत होता, परतीचा मात्र गारच. असा वारंवार जास्त तापून विझू दिला तर कंट्रोलर लॉक होतो, म्हणजे हीटर पेटूच देत नाही, म्हणून तिसऱ्यांदा पेटवला नाही.

पिंपरीच्या मित्राला फोन केला. त्याची सगळी नोकरी पंपांत गेली. म्हणाला, "अरे, इंजिन चालू असताना काय होतं ते आधी सांग." इंजिन चालू असताना हीटर व्यवस्थित चालतो, कारण इंजिनचा मोठा पंप पाणी ढकलतो. म्हणजे जळण, हवा, पेटवणारा ग्लो प्लग सगळं ठीक, पाणीच कमी फिरतंय. किती कमी, ते मोजायचं ठरवलं.

कूलंटमध्ये निम्मं पाणी, निम्मं ग्लायकोल (गोठू न देणारं रसायन) असेल तर किलोमागे एका अंशाला साधारण ३.५ किलोज्यूल लागतात. ५ किलोवॅटला तापमानात १० अंशांची वाढ हवी असेल तर तासाला सुमारे ४९० लिटर पाणी फिरायला हवं. रबरावरून तापमान नीट कळत नाही, म्हणून धातूच्या जोडांवर सेन्सर चिकटवले. ज्योत पूर्ण असताना हीटरमधून बाहेर जाताना पाणी ७१ अंश, परतताना ३५. फरक ३६ अंशांचा, म्हणजे प्रवाह तासाला जेमतेम १३५ लिटर!

संशय पंपावर होता. कनेक्टरला पंप चालू असताना १२.१ व्होल्ट मिळाले. मग पंप काढून बादलीत लावला. (कोरडा चालवू नका, आतलं बेअरिंग पाण्यावरच वंगण घेतं.) १० लिटर ४८ सेकंदांत, म्हणजे तासाला ७५०. पंप ठणठणीत. ही चाचणी न करता नवा पंप मागवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, आधी बादली घ्या.

मग एकेक भाग सुटा करून बागेच्या नळीने पाणी सोडलं. हीटरमधून धो धो आलं, केबिनच्या रेडिएटरमधून फक्त धार. कमी दाबाने उलटं पाणी सोडल्यावर आधी तपकिरी गाळ आला आणि मागून साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. सिलिका! काही गाड्यांच्या कूलंटच्या टाकीत सिलिकाची पिशवी असते, कूलंटमधलं गंज रोखणारं सिलिकेट टिकावं म्हणून. आमची जुनी होऊन फाटली होती. मोठा पंप त्या दाण्यांमधूनही पाणी रेटत होता, छोट्याला ते झेपत नव्हतं.

टाकी बदलली. दाणे येईनासे होईपर्यंत दोन्ही बाजूंनी धुतलं. भरताना पुढची चाकं रॅम्पवर घेतली, म्हणजे टाकी सगळ्यांत उंच. ज्योत न पेटवता नुसता पंप पंधरा मिनिटं चालवला. बुडबुडे थांबेपर्यंत दोनदा भर घालावी लागली. जुनं कूलंट बंद कॅनमध्ये ठेवलंय. ते गोड लागतं, जनावरं चाटतात आणि ते विषारी आहे.

आज सकाळी जाताना ६२, परतताना ५०. फरक १२, प्रवाह सुमारे ४१०. हीटर वीस मिनिटं एकदाही न विझता चालला, काचेवरचा बर्फ वितळला आणि मुलगी आत जॅकेट काढून बसली!

राहिलेली तूट बहुधा हीटरखालच्या अरुंद काटकोनी जोडामुळे आहे. मोठ्या वळणाचा जोड मागवलाय. पुढच्या शनिवारी तो बसवून परत मोजतो.