आमची वाटचाल: पन्हाळी साफ करण्यापासून ड्राइव्हवे ओतण्यापर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात काँक्रीटने झाली नाही. घराबाहेरची देखभाल हेच मूळ काम: पन्हाळी मोकळ्या करणे, खचलेले पेव्हर उचलून पुन्हा बसवणे, फाटकाची बिजागरे, अंगणातल्या पाण्याचा निचरा. त्या कामात तडकलेले, खचलेले ड्राइव्हवे सतत पुढ्यात यायचे. दुरुस्तीसाठी फोडले की कारण कळायचे, आणि ते बहुतेक वेळा खालच्या भरावात नाहीतर जाडीत असायचे. त्यामुळे नवे ड्राइव्हवे घ्यायला लागलो तेव्हा पहिला बदल कोटेशनमध्ये केला. ‘ड्राइव्हवे, इतके चौरस मीटर, एकूण इतके’ ही एक ओळ आता पानभर झाली आहे. दुसऱ्या कुणाला काम देणार असाल तरी ते पान उपयोगी पडेल.

पहिली नोंद जाडीची. मोटारीसाठी किमान १०० मिमी, भरलेला टेम्पो किंवा टँकर येणार असेल तर १५० मिमी. ३ मीटर रुंद आणि १० मीटर लांब ड्राइव्हवेला १०० मिमी जाडीने ३ घनमीटर माल लागतो. वर ५ ते १० टक्के सांडलवंडीला धरायचा. हीच जाडी ७५ मिमी केली की पाऊण घनमीटर वाचतो आणि दर एकदम स्वस्त दिसतो. पण वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे जाडी २५ टक्के कमी झाली तर ताकद जवळपास ४४ टक्के घटते. शिवाय कडेच्या फळ्या १०० मिमीच्या लावल्या म्हणून मध्येही तेवढी जाडी मिळेलच असे नाही. मुरूम मध्ये फुगलेला राहतो. माल ओतण्याआधी दोन्ही फळ्यांवरून दोरी ताणून चार-पाच ठिकाणी टेपने खोली मोजा. हे काम पाच मिनिटांचे, आणि चांगला कंत्राटदार त्याला नाक मुरडत नाही.

भरावावर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. वरची भुसभुशीत माती आणि मुळे काढायची; काळी माती असेल तर आणखी खोल जायचे, कारण ती पाण्याने फुगते आणि सुकल्यावर आकसते. त्यावर १०० ते १५० मिमी मुरूम किंवा खडीचा थर, ओलसर करून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला. भराव जास्त उंच असेल तर थराथरानेच दाबायचा. ३०० मिमी एकदम टाकून वरून मशीन फिरवले तर खालचा अर्धा सैलच राहतो. पाण्याच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपसाठी खणलेला चर कुठून गेलाय ते घरमालकाने आधी दाखवावे. स्लॅब खचतो तो बहुतेक अशाच चरावर. ढाळ घरापासून बाहेर, साधारण ५० ला १, म्हणजे १० मीटरला २०० मिमी. रस्ताच घरापेक्षा उंच असेल तर गॅरेजच्या तोंडाशी जाळीचे आडवे गटार घ्यावे लागते. ते नंतर फोडून बसवणे महागात पडते.

आता पाणी. ०.५ च्या पाणी-सिमेंट प्रमाणात ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी, तेही वाळूतला ओलावा धरून. पावसाळी वाळू असेल तर बरेच कमी घालायचे. रेडीमिक्स (प्लँटवरून तयार येणारे काँक्रीट) मागवताना ताकदीचा दर्जा एम-२५ आणि स्लम्प (ओला माल किती सैल आहे याचे माप) ७५ ते १०० मिमी असे चलनावर लिहून घ्या. साइटवर माल घट्ट वाटला की ‘जरा पाणी सोडा’ असा आवाज येतोच. घनमीटरमागे ५ लिटर जादा पाण्याने स्लम्प सुमारे २५ मिमी वाढतो, पण ताकद साधारण पाच टक्क्यांनी उतरते. पाइप हातात घेणाऱ्याला हे दिसत नाही. माल सैल हवाच असेल तर प्लँटवरूनच प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) घालून मागवावा.

सळई ८ मिमी, दोन्ही बाजूंनी २०० मिमीवर, स्लॅबच्या वरच्या तिसऱ्या भागात, कव्हर ब्लॉकवर (सळई उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर) टेकलेली. जाळी मुरमावर पसरून ‘ओतताना आकड्याने उचलू’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. कामगाराचा पाय पडला की ती पुन्हा खाली बसते. आणि सळईने तडे थांबत नाहीत, पडलेला तडा फक्त रुंदावत नाही. तडा कुठे पडावा हे ठरवायचे काम सांध्यांचे, म्हणजे स्लॅबमध्ये मुद्दाम कापलेल्या खाचांचे.

सांध्यांचे अंतर जाडीच्या २४ ते ३० पट, म्हणजे १०० मिमीला २.४ ते ३ मीटर. वरच्या १० मीटरच्या उदाहरणात तीन आडवे छेद, अडीच मीटरचे चार जवळपास चौरस तुकडे. छेदाची खोली जाडीच्या पावपट, २५ मिमी. कटर ओतल्यापासून ६ ते १८ तासांत चालायला हवा, कडक उन्हात त्याहून आधी. कडेची खडी उचकटत असेल तर घाई झाली. पात्याच्या पुढे तडा पळत असेल तर उशीर झाला. ‘उद्या दुपारी माणूस येईल’ हे उत्तर म्हणूनच चालत नाही. चेंबरचे झाकण मध्ये असेल तर छेद त्याच्या कोपऱ्यातून न्यायचा, नाहीतर तडा तिथूनच निघतो. भिंत, खांब, फाटकाचा पाया यांच्याभोवती १२ मिमी फिलर बोर्ड, म्हणजे स्लॅब त्यांना चिकटू नये म्हणून मध्ये ठेवलेली मऊ पट्टी.

वर आलेले पाणी आटेपर्यंत थापी लावायची नाही. ते लवकर सुकावे म्हणून कोरडे सिमेंट भुरभुरण्याची सवय अनेक मिस्त्र्यांना असते. पुढे तीच साय पापुद्र्यासारखी सुटते. शेवटी ढाळाला आडवा झाडू फिरवला की चाक घसरत नाही.

क्युरिंगवरून, म्हणजे ओतलेले काँक्रीट ओले ठेवण्यावरून, वाद सर्वात जास्त होतात, म्हणून पाणी कोण मारणार हे नावानिशी लिहा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १०. ढाळावर आळे करून पाणी टिकत नाही. ओले गोणपाट आणि वर प्लास्टिक बरे. मोटार ७ दिवसांनी, जड वाहन २८ दिवसांनी.

देखभाल थोडकीच आहे. २८ दिवसांनंतर सीलर, वर्षातून एकदा सांधे साफ करून सीलंट, पावसाआधी गटाराची जाळी मोकळी. डागांवर ॲसिड नको, ते सिमेंटच खाते. केसासारखा तडा तसाच ठेवला तरी चालतो. तड्याची एक बाजू दुसरीपेक्षा वर आली असेल तर खालचा भराव हललाय. तडा नुसता भरून उपयोग नाही.

पैसे तीन टप्प्यांत द्या: भराव दाबून झाल्यावर, सळई आणि खोली तपासून झाल्यावर, क्युरिंग संपल्यावर. तडकलेल्या स्लॅबवर २५ मिमीचा नवा थर देऊन ‘नवा करून’ देण्याचे काम आम्ही घेत नाही. खालचा तडा वर उमटतोच, आणि पातळ थर कडेने सुटायला लागतो.